पाळीव सापाची ऊब, उजेड आणि पेटी : इंदूरच्या हवेत काय सांभाळायचं?

इंदूर : माळव्यातल्या थंड रात्रींचं, म्हणजे 'शब-ए-मालवा'चं, कौतुक सगळीकडे होतं. पण घरात काचेच्या पेटीत साप असेल तर जानेवारीतली हीच थंडी त्याच्या जिवावर उठू शकते. मे महिन्यात उलटी तऱ्हा. पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद खोलीतली पेटी भट्टीसारखी तापते. कुत्रा कुडकुडतो, मांजर पायांत येऊन बसतं. साप मात्र ओरडत नाही. तो फक्त खाणं सोडतो आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो.

आधी कायदा, मग पेटी

नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप घरी ठेवता येत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे. अजगर तर अनुसूची १ मध्ये आहे. त्याला पकडलं किंवा विकलं तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'दुतोंड्या' मांडूळ गुप्तधन दाखवतो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि त्या नावाखाली होणारी खरेदी-विक्री हा गुन्हा. 'शेतात सापडला, बिनविषारी होता, म्हणून ठेवला' ही सबब चालत नाही. साप निघाला तर वनखात्याला कळवावं.

घरी पाळले जातात ते परदेशी साप. त्यात आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक हे जास्त दिसतात. बॉल पायथन हा साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ खाली येतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद 'परिवेश' या सरकारी पोर्टलवरून करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. नोंदणी त्या-त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव अभिरक्षकांकडे होते. मध्य प्रदेशात हे कार्यालय भोपाळला आहे, महाराष्ट्रात नागपूरला. जळगाव-धुळ्याकडचा कुणी इंदूरहून साप नेणार असेल, तर आधी विकणाऱ्याची नोंद, पावती आणि हस्तांतराचे कागद पाहावेत. कागद नसतील तर साप घेऊच नये.

ऊब : पेटीत दोन हवामानं हवीत

सापाचं शरीर स्वतःची उष्णता तयार करून ती टिकवत नाही. रानात तो उन्हाच्या दगडापाशी जातो, तापला की सावलीत किंवा बिळात सरकतो. पेटीतही त्याला हीच सोय लागते. एक टोक उबदार आणि दुसरं थंड असलं की कुठे बसायचं ते साप ठरवतो. गारुड्याच्या टोपलीत साप हाल काढतो, त्याचं एक कारण हेच, तिथे सरकायला जागाच नसते.

बॉल पायथनसाठी उबदार टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोक २४ ते २७ अंश ठेवावं. कॉर्न स्नेकला थोडं कमी चालतं, म्हणजे उबदार बाजूला २९ ते ३१ आणि थंड बाजूला २२ ते २६ अंश. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचत नाही, पोटात सडतो आणि साप तो उलटून टाकतो. थंडी लांबली तर छातीचा संसर्ग होतो.

ऊब देण्यासाठी उजेड न पडणारा सिरॅमिक हीटर पेटीत वरून लावता येतो. तळाला लावायची हीट मॅट पेटीच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली बसवावी. दोन्हीला थर्मोस्टॅट लागतोच. थर्मोस्टॅट नसेल तर हीटर लावूच नये, कारण पोटाखालची जागा जास्त तापली तरी साप बरेचदा तिथून हलत नाही आणि भाजतो. हीटरला जाळी हवी, नाहीतर साप त्यालाच वेटोळं घालतो. आतून तापणारे 'हीट रॉक' टाळावेत. दोन्ही टोकांना वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवावा. काचेवर चिकटवायच्या पट्टीवर विसंबू नये.

इंदूरचे तीन ऋतू

थंडीत रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. पेटी खिडकी आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवावी. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोल लावला की ऊब टिकते. १०० वॉटचा सिरॅमिक हीटर घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. वीज बराच वेळ गेली तर गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवावी, सापाला थेट टेकवू नये.

उन्हाळ्यात धोका जास्त, कारण गारठलेला साप काही दिवस तग धरतो, पण अति तापलेला काही तासांत मरू शकतो. खोलीच ३५ अंशांवर गेली तर पेटीत थंड टोक उरतच नाही. अशा वेळी हीटर बंद करावा, पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवावी, खोलीत कूलर लावावा, पण वारा थेट पेटीवर येऊ देऊ नये. गच्चीखालची पत्र्याची खोली किंवा पश्चिमेकडची बाल्कनी सापासाठी नाहीच.

पावसाळ्यात त्रास दमटपणाचा. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के. अंथरूण सतत ओलं राहिलं तर पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग आणि फोड येतात. वरून हवा जायला झरोके मोकळे ठेवावेत.

उजेड : दिवस-रात्र कळली पाहिजे

१२ तास उजेड आणि १२ तास अंधार, हे साधं गणित. टायमर लावला की विसरायला होत नाही. रात्री लाल किंवा निळा बल्ब लावू नये, सापाला तोही दिसतो. रात्री ऊब हवी तर उजेड न पडणारा हीटरच लावावा. यूव्हीबी दिव्याशिवायही हे साप जगतात, पण मंद यूव्हीबी दिला तर फायदा होतो, असं आता अनेक जाणकार मानतात. दिवा काचेमागे लावला तर त्याचा उपयोग नाही, काच ती किरणं अडवते. उजेड दिसत असला तरी त्याची यूव्हीबी हळूहळू घटते, म्हणून तो वर्षाने बदलावा.

आणि पेटी कधीही थेट उन्हात ठेवू नये. बंद काचेत कोवळं ऊनही थोड्या वेळात जीवघेणं ठरतं.

घर किती मोठं?

प्रौढ बॉल पायथन साधारण ३ ते ५ फूट भरतो. त्याला ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी लागते. लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच ठेवली तर साप ऊब सोडून लपण्याची जागा निवडतो आणि आजारी पडतो. अंगभर बुडता येईल असं पाण्याचं जड भांडं ठेवावं. खाली नारळाच्या काथ्याचे तुकडे किंवा साधा वर्तमानपत्राचा कागद चालतो. देवदार किंवा चिडाचा भुसा नको, त्यातल्या तेलाने श्वासाला त्रास होतो. झाकणाला कुलूप हवंच. एका पेटीत एकच साप ठेवावा.

डॉक्टरकडे कधी न्यावं?

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाका-तोंडातून फेस, खाल्लेलं उलटून पडणं, कात तुकड्या-तुकड्यांत निघणं किंवा डोळ्यांवर अडकणं, अंगावर भाजल्याचा डाग, ही लक्षणं दिसली की वाट पाहू नये. अडकलेली कात नखाने ओढू नये. इंदूरजवळ महू इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र सगळेच पशुवैद्य सापावर उपचार करत नाहीत, तेव्हा फोन करून आधी विचारून घ्यावं. शक्यतो साप घेण्याआधीच असा डॉक्टर शोधून ठेवावा.

बॉल पायथन २० ते ३० वर्षं जगतो. कॉलेजात घेतलेला साप नोकरी, लग्न, बदली या सगळ्यांत सोबत येणार. नकोसा झाला म्हणून त्याला रालामंडलच्या जंगलात किंवा शेतात सोडता येत नाही. तो तिथे थंडीत मरतो किंवा इथल्या प्राण्यांना रोग देतो. ज्यांना साप फक्त पाहायचा आहे, त्यांच्यासाठी नवलखा भागातल्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात सर्पगृह आहे. ज्यांना पाळायचाच आहे, त्यांनी पेटी आधी रिकामी मांडावी, आठवडाभर दोन्ही टोकांचं तापमान दिवसा आणि रात्री लिहून ठेवावं आणि आकडे जमले तरच साप घरी आणावा.