१० जून १९९९ : भिंत ओलांडून येणारी वेळ

जपानमध्ये १० जून हा कालदिन. इ.स. ६७१ मध्ये सम्राट तेन्जी यांच्या जलघड्याळाने याच दिवशी वेळ सांगायला सुरुवात केली, अशी नोंद आहे. १९९९ साली हाच दिवस साधून फुकुशिमातल्या डोंगरावरून ‘जेजेवाय’ हे केंद्र ४० किलोहर्ट्झवर वेळ प्रक्षेपित करू लागले. दर सेकंदाला एक स्पंद, ०.८ सेकंद टिकला तर शून्य, ०.५ सेकंद टिकला तर एक. अशा साठ स्पंदांत तास, मिनिट, तारीख सारे मावते. उपग्रह आणि इंटरनेट असताना २५० मीटरचा मनोरा हवा कशाला? कारण उपग्रहाचा क्षीण संदेश घरात नीट पोचत नाही, इंटरनेटला जोडणी लागते. या केंद्राच्या दीर्घलहरी मात्र भिंतीतून आत येतात आणि मनगटी घड्याळातली इवलीशी फेराइटची कांडी त्या टिपते, तीही नखभर बॅटरीवर. केंद्रच बंद पडले तर, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तसे घडलेही. फुकुशिमातल्या अणुदुर्घटनेमुळे १२ मार्च २०११ला कर्मचाऱ्यांना केंद्र सोडावे लागले आणि २१ एप्रिलपर्यंत प्रक्षेपण थांबले. पण घड्याळे थांबली नाहीत. ती आपल्या क्वार्ट्झवर चालत राहिली. शिवाय क्युशू बेटावर २००१मध्ये उभारलेले दुसरे केंद्र ६० किलोहर्ट्झवर वेळ देतच होते.