बंदरावरच्या बावट्याची कुळकथा

'बंदरात तीन नंबरचा बावटा लावला' ही बातमी कोकणात दर पावसाळ्यात ऐकू येते. म्हणायचं बावटा, पण काठीवर दिवसा चढतात ते शंकू आणि नळकांडी. रात्री तांबडे-पांढरे दिवे.

या खुणांचं मूळ ब्रिटनच्या किनाऱ्यावर आहे. 1859च्या ऑक्टोबरात वेल्समधल्या अँगल्सीच्या खडकांवर वादळात 'रॉयल चार्टर' जहाज फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. डार्विन ज्या 'बीगल'वर होता, त्याचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय तेव्हा लंडनला हवामानाच्या नोंदींचं खातं सांभाळत होता. वादळाआधी वायुभारमापकातला पारा उतरतो, हे खलाशांना माहीत होतंच. पण एकट्या जहाजावरचा पारा फक्त त्या जागेपुरतं सांगतो. म्हणून या दुर्घटनेनंतर फिट्झरॉयनं किनाऱ्यावरच्या अनेक ठाण्यांचे आकडे तारेनं मागवले. दाब कुठे उतरतोय, हे त्यामुळे एका नजरेत दिसू लागलं.

सगळं त्या उतारावर ठरतं. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. थोड्या अंतरात दाबाचा फरक जेवढा मोठा, तेवढा वारा जोराचा. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न जाता वळतो आणि आपल्या उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं घुमतो. मध्याशी आलेली दमट हवा वर चढते, थंड होते, ढग दाटतात, पाऊस कोसळतो.

1861च्या फेब्रुवारीपासून फिट्झरॉय बंदरांना इशारे देऊ लागला. अंदाज चुकले की टीका होई. 1865 साली त्यानं आयुष्य संपवलं. पुढच्या वर्षी इशारेही बंद झाले. दर्यावर्दींनी आग्रह धरला, म्हणून 1867मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. माझ्या मते त्याच्या कामाला याहून मोठी पावती नाही.

आपल्याकडेही हे शहाणपण मरणातूनच आलं. 5 ऑक्टोबर 1864च्या चक्रीवादळात हुगळीचं पाणी चढलं, कलकत्ता परिसरात हजारो माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी इशारे सुरू झाले. 1875मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं, आणि हळूहळू सगळ्या बंदरांना एकच पद्धत लागू झाली: एक ते अकरा नंबर.

एक आणि दोन नंबर दूर समुद्रातल्या वादळासाठी असतात, म्हणून ते चढतात तेव्हा बंदरावर लख्ख ऊनही असू शकतं. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याची भीती. होडी काढण्याआधी आभाळाकडे बघाच, पण निर्णय काठीकडे बघून घ्या.