रानटी स्ट्रॉबेरीची ओळख : फळाआधी फूल पाहा

स्ट्रॉबेरी म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर-पाचगणी आठवते. पण हे टपोरं फळ फार जुनं नाही. त्याआधी युरोपातल्या लोकांना ठाऊक होती ती रानातली, नखाएवढी स्ट्रॉबेरी. शास्त्रीय नाव फ्रॅगारिया व्हेस्का. तिची ओळख कशी पटवायची, आणि फक्त फळ पाहून ओळख ठरवली की काय होतं, ते आज आपण पाहू.

आधी झाड पाहू. जमिनीलगत वाढणारं, एकेका देठावर तीन पानं, कडा दातेरी. रनर सरपटत जातात आणि जागोजागी मुळं धरतात. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं. आपण ज्याला फळ म्हणतो तो खरं तर फुलाचा फुगलेला तळ. वरचे बारीक दाणे हीच खरी फळं. दाण्यांमध्ये बी धरलं नाही, तर तळ फुगत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 1712 सालात जाऊ. फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी इंजिनिअर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे किल्ले पाहायला निघाला. चिलीतल्या कॉन्सेप्सियॉनजवळ त्याला मोठाल्या स्ट्रॉबेऱ्या दिसल्या. तिथले मापुचे लोक त्या पूर्वापार लावत आले होते. 1714 मध्ये तो परतला, तेव्हा लांबच्या समुद्रप्रवासातून पाच रोपं जगली होती. जहाजावर प्यायच्या पाण्याची टंचाई, त्यातलंच पाणी या रोपांना!

रोपं रुजली, रनर फुटले, बागा भरल्या. पण फळ धरेना. का? चिलीच्या या जातीत नर आणि मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात. भरघोस फळांची झाडं निवडली, म्हणजे आल्या त्या माद्याच. आणि रनरपासून होणारं रोप हुबेहूब आईसारखं, म्हणजे पुन्हा मादीच. रानटी व्हेस्काच्या एकाच फुलात दोन्ही अवयव असतात, त्यामुळे स्ट्रॉबेरीत नर-मादी असा भेद असेल हे सहज ध्यानात येणार कसं? युरोपातल्या कस्तुरी स्ट्रॉबेरीत तो भेद होता. पण माळी काय करायचे? फळ न देणारी झाडं वांझ समजून उपटून टाकायचे. ते होते नर!

हे कोडं सोडवलं व्हर्सायच्या दुशेननं. 1764 साली, जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा असताना, त्यानं चिलीच्या मादीला कस्तुरी स्ट्रॉबेरीचे परागकण दिले आणि धरलेली मोठी फळं पंधराव्या लुईपुढे ठेवली. 1766 मध्ये त्याचा स्ट्रॉबेरीवरचा ग्रंथ आला. बागांमध्ये नव्यानं दिसणारी अननसाच्या वासाची स्ट्रॉबेरी म्हणजे चिली आणि उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनिया या दोन जातींचा संकर, हे त्यानं त्यात मांडलं. आज महाबळेश्वरच्या वाफ्यांत आहे ती याच संकराची संतती. म्हणजे आपली स्ट्रॉबेरी व्हेस्काची लेक नव्हे, लांबची नातलग. व्हेस्काच्या पेशीत 14 गुणसूत्रं, हिच्या पेशीत 56.

गंमत पुढेच आहे. आपल्या हिमालयाच्या उतारांवर एक झाड सापडतं. तशीच तीन पानं, तसेच रनर, तसंच लाल फळ. पण फूल पिवळं आणि फळ बेचव! 1811 मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी या तोतया स्ट्रॉबेरीच्या प्रजातीला दुशेनचं नाव दिलं, 'दुशेनिया'. अनेक अभ्यासक आता तिला पोटेन्टिला प्रजातीत धरतात.

मंडळी, फळ सगळ्यांनाच दिसतं. दुशेन फुलाकडे वाकून पाहत होता. माळ्यांनी वांझ म्हणून जे उपटलं, त्याच्यावाचून फळच नव्हतं. तेव्हा डोंगरात असं लाल फळ दिसलं, तर खुडण्याआधी शेजारचं फूल शोधू या. पांढरं की पिवळं, एवढं तरी पाहू या.