तळटीप १७ : हकं, तुफे

१७. हकं, तुफे : अशोकाच्या आज्ञालेखांतील ‘मी’ आणि ‘तुम्ही’. सन्नती (ता. चित्तापूर, जि. कलबुर्गी) येथे भीमाकाठच्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारात, कालीमूर्तीची बैठक म्हणून वापरलेल्या शिळेवर १९८०च्या दशकात जे लेख आढळले, त्यांत महामात्रांना (अशोकाच्या अधिकाऱ्यांना) उद्देशून काढलेल्या दोन स्वतंत्र आज्ञा आहेत (इ.स.पू. तिसरे शतक). तोवर त्या फक्त ओडिशातील धौली व जौगड येथूनच ठाऊक होत्या. प्रस्तुत उताऱ्यातील रूपे या आज्ञांच्या पाठांतली आहेत. भाषा पाली नव्हे, मागधी वळणाची प्राकृत. संस्कृत व पालीतील ‘अहं’ला ‘क’ लागून ‘अहकं’ आणि आरंभीचा ‘अ’ गळून ‘हकं’ झाले. अरबीतून आलेल्या ‘हक्क’शी त्याचा काही संबंध नाही, या भागातल्या वाचकाची गल्लत होणे सहज शक्य आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. संस्कृत ‘यूयम्’च्या जागी पालीत ‘तुम्हे’, या लेखांत ‘तुफे’. अनेकवचनी ‘आम्ही’चे अंगही तसेच : संस्कृत ‘अस्म’, पाली ‘अम्ह’, येथे ‘अफ’. मराठीचे ‘आम्ही’, ‘तुम्ही’ हे ‘अम्हे’, ‘तुम्हे’ यांच्या कुळातले, ‘अफ’, ‘तुफे’च्या नव्हे. ‘मी’ मात्र ‘अहं’वरून आलेला नाही, तो ‘मया’ या तृतीयेच्या रूपाचा वारस मानला जातो. प्रस्तुत उताऱ्यात ‘हकं’ म्हणजे स्वतः राजा आणि ‘तुफे’ म्हणजे त्याचे महामात्र, असे वाचावे.