काचपट्टीवरचं शेंडेनक्षत्र

आमची आजी धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायची. १९८६ साली हॅले आला, गच्चीवर माना दुखेपर्यंत उभे राहिलो, मला काही दिसला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी दिसलं ते शेंडेनक्षत्र सूक्ष्मदर्शकाखाली, अंधाऱ्या खोलीत: नारिंगी गोळा आणि मागे धूसर शेपटी. गोळा म्हणजे एका पेशीचा डीएनए. तो तुटला होता, म्हणून शेपटी.

डीएनएची तूट अशी शेपटीवरून पाहण्याच्या पद्धतीला प्रयोगशाळेत नुसतं ‘कॉमेट’, म्हणजे धूमकेतू, म्हणतात. तिचं मूळ स्वीडनमधलं. १९७८मध्ये रिडबर्ग आणि योहानसन यांनी पेशी काचपट्टीवरच्या अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये बसवून सौम्य अल्कलीत फोडल्या आणि अ‍ॅक्रिडिन ऑरेंजने रंगवल्या. जोडधागा हिरवा चमकतो, सुटा धागा लाल. त्या प्रमाणावरून इजा मोजायची. त्याआधी नळीतल्या असंख्य पेशींची सरासरी हाती यायची, आणि सरासरीत एकटीदुकटी जखमी पेशी हरवून जाते. शेपटी आली १९८४ला. ऑस्टलिंग आणि योहानसन यांनी जेलमधून वीज सोडली. डीएनएवर ऋण भार, त्यामुळे सैल पडलेला भाग धन टोकाकडे ओढला गेला.

माझ्या मते खरी उडी १९८८ची. नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी द्रावणाचा सामू १३च्या वर नेला. इतक्या अल्कलीत दोन्ही धागे उलगडतात, आणि एकाच धाग्यातली तूटसुद्धा शेपटीत उतरते. बदल एवढाच, पण क्ष-किरणांनी होणाऱ्या तुटी बहुतेक एकाच धाग्यातल्या असतात!

१९९०मध्ये व्हँकूव्हरच्या पेगी ऑलिव्ह यांनी निबंधाच्या शीर्षकातच ‘कॉमेट’ हा शब्द घातला. एकाच गाठीतल्या सगळ्या पेशींना किरणांची इजा सारखी होत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.

हे सगळं वाचायला सोपं. माझा पहिला महिना मात्र जेल वाचवण्यात गेला. काचपट्टी द्रावणात बुडवली की दुधावरच्या सायीसारखं ते अलगद सुटायचं. मग मोजणी. शंभर पेशी, प्रत्येकीला शून्य ते चार गुण, एकूण चारशेपैकी. दुपारी जेवून बसलं की सगळ्याच पेशींना शेपट्या दिसायच्या, म्हणून मी सकाळीच मोजायची.

आता मोजणी संगणक करतो. २०१४ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्राण्यांवरच्या चाचणीसाठी या पद्धतीची ४८९ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिच्यातही सामू सिंग यांचाच आहे: १३च्या वर.