पेपर रद्दीत गेला, नोटीस राहिली

१९९८ साली स्पेनमधल्या ‘ला व्हँग्वार्डिया’ दैनिकात लिलावाच्या दोन छोट्या नोटिसा आल्या. एका माणसाने सामाजिक सुरक्षेचे पैसे थकवले, म्हणून मालमत्ता लिलावात. आपल्याकडे बँकांच्या जप्तीच्या येतात ना, तशाच. पुढे वसुलीचं प्रकरण मिटलं, पेपर रद्दीत गेला.

पण पेपरने जुने अंक इंटरनेटवर टाकले. दहा-बारा वर्षांनीही गूगलवर त्याचं नाव टाकलं की ती नोटीस हजर! २०१० मध्ये त्याने सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली. पेपरविरुद्धची तक्रार फेटाळली गेली, कारण नोटीस सरकारी आदेशानेच छापली होती. गूगलचा वाद मात्र लक्झेंबर्गला युरोपियन युनियनच्या न्यायालयात पोचला. १३ मे २०१४ चा निकाल असा, की जुनी, आता गैरलागू झालेली माहिती नावाच्या शोधात दाखवू नका, असं माणूस गूगलला सांगू शकतो. सार्वजनिक जीवनातल्या लोकांना ही सवलत सहज नाही. हे बरंच झालं, नाहीतर आमच्या पुढाऱ्यांनी पहिला अर्ज केला असता!

छापलेला अंक जागेवर राहिला, हे पत्रकार म्हणून मला पटतं. गंमत म्हणजे, खटल्यामुळे ती जुनी थकबाकी जगभर छापून आली. त्या माणसाचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही.