‘निदान बी.एस्सी. तरी कर’ : जयपूरच्या एका जीवशास्त्र विद्यार्थ्याचा इतिहास

दरवर्षी नीट परीक्षेचा निकाल लागला की देशभरातील असंख्य घरांत जवळजवळ एकच संवाद घडतो. वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळलेली असते आणि कोणीतरी वडीलधारे म्हणते, ‘निदान बी.एस्सी. तरी कर.’ घर जयपूरच्या अजमेर रस्त्यावरील सोडाला भागातले असो वा पुण्या-नाशिकातले, त्या ‘निदान’ या एका शब्दात जीवशास्त्राच्या पदवीविषयी आपल्या समाजाचे मत सामावलेले असते. हे मत कितपत खरे, हे पाहण्यासाठी त्याच जयपूर शहरात जन्मलेल्या एका विद्यार्थ्याचा इतिहास उपयोगी पडेल.

एनसीईआरटीचे बारावीचे जीवशास्त्र ज्यांनी अभ्यासले, त्यांनी त्याचे छायाचित्र पाहिले असेल. प्रजनन या घटकाच्या आरंभी ते छापलेले असते आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसल्यामुळे बहुतेक जण पान उलटून पुढे जातात. हा विद्यार्थी म्हणजे पंचानन माहेश्वरी. जन्म ९ नोव्हेंबर १९०४, जयपूर.

त्या काळी जयपूर हे संस्थान होते. १८४४ मध्ये स्थापन झालेले महाराजा महाविद्यालय शहरात होते. मात्र आज राजस्थान विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी संस्था १९४७ मध्ये जन्माला यायची होती. माहेश्वरी उच्च शिक्षणासाठी अलाहाबादला गेले. तेथील युइंग ख्रिश्चन महाविद्यालयात त्यांना विनफील्ड डजन हे अमेरिकन मिशनरी प्राध्यापक भेटले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेचे पहिले अध्यक्ष हेच डजन. वनस्पतींची बाह्य आणि अंतर्गत रचना बारकाईने पाहण्याची गोडी त्यांनीच या विद्यार्थ्याला लावली. १९३१ मध्ये माहेश्वरींना अलाहाबाद विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली.

शिष्य आपल्या पुढे गेला तर मला समाधान वाटेल, असे डजन यांनी एकदा बोलून दाखवले. तेव्हा या ऋणाची फेड कशी करू, असे माहेश्वरींनी विचारले. जे मी तुझ्यासाठी केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ही गुरुदक्षिणा त्यांनी आयुष्यभर फेडली.

त्यांनी निवडलेला विषय होता सपुष्प वनस्पतींचे भ्रूणविज्ञान. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडल्यानंतर त्यातून परागनलिका निघते आणि बीजांडापर्यंत पोहोचते. तिच्यातील दोन पुंयुग्मकांपैकी एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो. दुसऱ्याच्या संयोगातून भ्रूणाला पोसणारा भ्रूणपोष निर्माण होतो. गहू, तांदूळ, ज्वारी या धान्यांच्या दाण्यांतील पिठूळ भाग म्हणजे हाच भ्रूणपोष. हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये उघड केले होते. म्हणजे माहेश्वरी विद्यार्थी असताना हा विषय अजून तरुण होता.

या अभ्यासाची साधने साधी होती. कळ्या योग्य वेळी तोडायच्या, रसायनात टिकवायच्या, मेणात बसवून त्यांचे अतिशय पातळ छेद घ्यायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्रमाने पाहत जायचे. लागत असे ती चिकाटी आणि चांगला शिक्षक. साहित्य तर महाविद्यालयाच्या कुंपणालगतही उगवत होते. साधनांची टंचाई असलेल्या देशात पदवीच्या वर्गापासून थेट जागतिक संशोधनापर्यंत नेणारी ही वाट होती.

आग्रा आणि ढाका येथे अध्यापन करून माहेश्वरी १९४९ मध्ये दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख झाले. १९५० मध्ये त्यांचा आवृतबीजी वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथ न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला आणि तो जगभर अभ्यासला गेला. पुढे विभागातील कामाने नवे वळण घेतले. निर्जंतुक परीक्षानळीत, पोषक माध्यमावर, अफूच्या बीजांडांचे फलन घडवून आणण्यात कुसुम कांता, एन. एस. रंगास्वामी आणि माहेश्वरी यांना यश आले; तो वृत्तांत १९६२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, शिप्रा गुहा आणि माहेश्वरींचे चिरंजीव सतीशचंद्र यांनी त्याच नियतकालिकात धोतऱ्याच्या परागकोशांतून भ्रूण वाढल्याचे जाहीर केले. अशा रोपांत गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो दुप्पट केला की एका पिढीत शुद्ध वाण हाती येतो; पारंपरिक पद्धतीत त्यासाठी अनेक पिढ्या लागतात. जगभरातील पीकसुधारकांनी हे तंत्र उचलले. त्याचा उगम आपल्याकडे उकिरड्यावरही उगवणाऱ्या धोतऱ्यात आहे.

१९६५ मध्ये माहेश्वरींना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच सुमारास ते एका वेगळ्याच कामात गुंतले होते. १९६४ मध्ये प्रकाशित होऊ लागलेल्या एनसीईआरटीच्या उच्च माध्यमिक जीवशास्त्राच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांचे नेतृत्व त्यांनी केले. जागतिक कीर्तीचा संशोधक शाळकरी मुलांच्या पुस्तकासाठी वेळ देतो, यात डजन यांच्या त्या उत्तराची आठवण येते. १८ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

अशी परंपरा महाराष्ट्रातही आहे. मालवणला १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सह्याद्रीतील नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला, तेव्हा ते कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत नव्हते. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्ध राहिले, बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली, तिचे संस्थापक संचालक झाले. आज तीच आघारकर संशोधन संस्था आहे.

या दोन्ही चरित्रांत पदवीच्या वर्षांनी एकच गोष्ट दिली: स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय. आज २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागा दिली आहे. पण प्रात्यक्षिकाच्या तासाला जर्नलमधील आकृती मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवली जात असेल, तर चौथे वर्ष वाढवून काय साधणार? छेद स्वतः घेतला नाही तर भ्रूणकोश कधीच दिसत नाही. दिसते ती दुसऱ्याने काढलेली आकृती.

सोडाल्यातून किंवा साताऱ्यातून या वर्षी जीवशास्त्राच्या पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. तुम्ही उरलेल्या जागेवर बसलेले नाही. माहेश्वरींनी जेथून आरंभ केला, त्याच बाकावर तुम्ही बसला आहात. आणि प्राध्यापकांना विनंती एकच: डजन यांनी मागितलेली दक्षिणा अजून पुरती फिटलेली नाही.